फलकावर न लावलेली सूचना

अहो सेक्रेटरीसाहेब,

तुम्ही लेखी असल्याशिवाय काही मानत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. तुम्ही फिरायला गेलात आणि ठमी गेली. पार्किंगमध्ये उंदरांचं औषध टाकल्याची सूचना तुम्ही फलकावर लावलीत, खाली झोकात सही केलीत, पण घरात तोंडाने सांगितलं नाहीत. काल ती तडफडायला लागल्यावर म्हणालात, "फलक वाचायची सवय लावून घे." पस्तीस वर्षांनी कळलं, मी बायको नाही, फ्लॅट नंबर सात आहे.

जिन्यातून ते मांजराचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हाही तुम्ही नियमच दाखवला होतात. तिला बिचारीला वाचता येत नव्हतं, म्हणून रोज तुमच्याच मांडीवर येऊन झोपायची.

तिला पुरायला वारज्याला ताईकडे नेते आहे. इथे तुम्ही सगळीकडे फरशी घालून घेतलीत. आमटी केली आहे, भात तुम्ही लावा. कुकर कसा लावतात ते फलकावर बघा.

आणि तुमच्या आरामखुर्चीखाली अर्धा उंदीर आहे. अर्धा तिने खाल्ला, अर्धा तुमच्यासाठी आणून ठेवला. तेवढा तरी स्वतःच्या हाताने उचला.

आनंदी