दोन्ही कान झाकण्याच्या अटीवर

मी खाली सही करणारी, वय सव्वीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. मंगळवारी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर ती किरकोळ म्हणतात. तरीही कागद अर्धवट टाकून जाणं मला जमत नाही.

कलम १. बचत खात्यातली शिल्लक आणि शिलाई मशीन आईला. तिने ते जपून न ठेवता वापरावं.

कलम २. माझा शब्दकोश आत्याला. "शिकून काय मशीनशी गप्पा मारणार आहेस?" असं ती चारचौघांत म्हणाली होती. मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक शेवटी मलाच वाचावं लागलं. माझा राग नाही. शब्दकोश मात्र तिने घ्यावाच.

कलम ३. सुतारकामाच्या वर्कशॉपमधलं रंधा मशीन. घरात कागद वाचणारी मी पहिली, म्हणून खरेदी माझ्या नावावर झाली. चालवतो धाकटा भाऊ. आमच्याकडची पद्धत अशी की आवाज रोखणारा इअरमफ फक्त उजव्या कानावर ठेवायचा आणि डावा कान उघडा, कारण फळीत गाठ आली की पात्याचा आवाज बदलतो. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा कान याच पद्धतीने गेला. जेवताना आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडे दाटीवाटीने बसतो.

गेल्या महिन्यात धाकटा दुपारी उजव्या कुशीवर, उजवा कान उशीत दाबून झोपला होता. शेजारी त्याची तान्ही लेक रडून लाल झाली, तरी तो उठला नाही. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, गदागदा हलवल्यावर म्हणाला, "हाक मारायची ना!"

"हाकाच मारत होते," वहिनी म्हणाली.

मी दोन्ही कान झाकायला सांगितलं, तर मला म्हणतो, "ताई, गाठ आली की तू येऊन सांगणार का?"

तेव्हा आबा बोलले. "डाव्या कानाने मला कधीपासून ऐकू येत नाही. फुटली का माझी एक तरी फळी? तळहाताला कळतं रे."

म्हणून रंधा मशीन मी वहिनीच्या नावे करते. धाकट्याने ते कान झाकूनच चालवावं. अट मोडल्यास वहिनीने फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा आणि त्याच्या गोड बोलण्याला भुलू नये.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला, पैकी लोहारकाकांना त्यांच्या उजव्या बाजूला बसून. त्यांनी सही करायचं थांबवलं. "कान झाकून म्हणजे कुठला? हा पठ्ठ्या एकच झाकेल."

"काका, तुम्ही माझ्या बाजूचे ना?" धाकटा हसत म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय."

दुरुस्ती: कलम ३ मध्ये 'कान' ऐवजी 'दोन्ही कान' असं वाचावं. दुरुस्तीखाली माझी आणि साक्षीदारांची सही आहे. धाकट्याची गरज नव्हती, तरी त्यानेही केली.

साक्षीदार: १. लोहारकाका, शेजारचं दुकान. २. माझ्या शाळेतल्या बाई.

स्थळ: वर्कशॉपच्या मागची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, मशीन बंद असताना.