चार बोटं उंच

ता. २ डिसेंबर ५८, परतवाडा
मंग मी इकडे काय झोपा काढून राहिलो का? दादाचं कार्ड आलं. पुन्हा तेच. कापूस फुटला, वेचाले माणूस भेटत नाही, अन् तू लोकाच्या मोटरीखाली लोळून राहिला. लोळून! एक दिवस त्याले घालतो मोटरीखाली, पाठीले खडे टोचले म्हणजे समजीन.
दिवाळीले अकोल्यात, जुन्या शहरात, आत्याच्या ओट्यावर सगळ्यांसमोर हेच झालं. माय मधात पडली. तरी तो थांबेना, मीही थांबलो नाही. शेवटी बोलून बसलो, संक्रांतीपर्यंत मिस्त्री नाही झालो तं येतो पातूरले, धरतो वखर. दादानं शब्द तसाच उचलला. म्हणे, आत्या, तू साक्ष.
चार वर्सं झाली इथे रशीदमिस्त्रीच्या हाताखाली, अजून पान्हे पुसून राहिलो.

ता. ३
आज काम भेटलं. लाकडाच्या ठेकेदाराची जुनी लष्करी गाडी. मागं उघडा हौदा, चारी चाकं ओढते. पण वर मेळघाटात नाल्यातल्या धोंड्यावर पोट घासते, मागच्या महिन्यात तेलाची टाकी फाटली. ठे. म्हणे, उंच करा. एक वीत.
रशीदमिस्त्री म्हणे, चार बोटं.
ठे. म्हणे, वीत.
मि. म्हणे, "वीतभर उचलली तं पहिल्याच वळणावर आडवी होईन. मंग मले नका बोलू."
लुगड्याचा भाव करावा तसं चाललं. चार बोटांवर ठरलं.
ठे. गेल्यावर मि. मले म्हणे, "ये गाडी तेरी. मैं हात नहीं लगाता. बनी तो तू मिस्त्री. नहीं बनी तो पातूर की मोटर पकड."
दादाची अन् याची गाठ पडली का काय कुठे? दोघं एकच बोलते.

ता. ५
चारी कमानी, चाकांवरच्या स्प्रिंगा, उतरवल्या. बोल्ट जंगून एक झाले होते, छिन्नीनं तोडले. उजव्या हाताचं कातडं गेलं. कमानीचे पाटे सोडवून अंगणात मांडले, लहानमोठे, एकाखाली एक. मि.ची बायको म्हणे, "गुलाब, ये क्या दुकान लगाई?"
प्रत्येक कमानीत एक नवा लांब पाटा घालाचा, तेव्हा गाडी वर उठीन. म्हणजे चार पाटे. ते किसन लोहाराकडे, अचलपूरले.
पाठ सरळ होत नाही. जेवलो नाही.

ता. ७
सायकलच्या दांडीले चार पाट्यांचं लोखंड बांधून अचलपूर. किसनमामा म्हातारा, पण घण उचलला की जवान. पाटा लाल करते, ठोकून कमान भरते, मंग तेलात बुडवून पाणी देते. मी म्हटलं, झाला का? म्हणे, "काय झाला? आता हा काच आहे. आपटला तं दोन तुकडे. पुन्हा मंद आगीवर धरून पाणी उतरवा लागते, तेव्हा लवते." दोन पाटे पुरे करून देले. दोनाले नुसतं पाणी देल्लं, उतरवाचं बाकी.

ता. ९
ठे. दोनदा येऊन गेला. लाकूडतोडीवर मजूर बसून आहेत, गाडी द्या. मि. माझ्याकडे बोट दाखवते अन् विडी ओढते. किसनमामाकडे गेलो तं भट्टी विझवून राहिला होता. उद्या अमावस.

ता. १०
अमावस. तरी गेलो. किसनमामा दारात खाटेवर, ऐरण धुतलेली, नारळ फोडलेला.
म्हटलं, मामा, दोनच पाटे.
"आज ऐरणीले हात नाही."
म्हटलं, ऐरण नको, आगच लागते फक्त.
"लोखंडालेच हात नाही, पोट्ट्या. माझ्या बापानं नाही लावला."
पाया पडलो. तं म्हणे, मी हात लावत नाही, तू लाव, मी तोंडानं सांगतो. अंगणात गोवऱ्या पेटव. पाटा विटेनं घासून एक पट्टी चकचकीत कर. ते पट्टी पिवळी होईन, मंग तांबूस, मंग मोराच्या मानेसारखी निळी. निळी झाली की काढ. आधी नाही, मंग नाही.
दोन्ही पाटे घेऊन वापस आलो. मि.च्या अंगणात गोवऱ्या रचल्या. पहिला पाटा बरोब्बर निळा. एवढा देखणा रंग मी लुगड्यावर नाही पाहिला. दुसरा आगीवर ठेवला अन् ठे. येऊन उभा राहिला. "अबे, गाडी दुरुस्त करून राहिला का भाकरी भाजून राहिला?" मी तोंड वर करून उत्तर देलं. खाली पाहतो तं पट्टीवर राख. पाटा काढला, पुसला. पिवळा होता का निळा? ऊन तिरपं पडलेलं. निळा वाटला.
वाटला.

ता. १२
गाडी उभी केली. ब्रेकची नळी ओढली जात होती, लांब टाकली. शाफ्ट थरथरत होता तं आसाखाली लाकडाची नाही, लोखंडाची पाचर देली, थांबला. मि.नं गाडीच्या पोटाखाली हात घातला, चार बोटं मोजली, माझ्याकडे पाह्यलं.
बाजारातले जमा. "गाडी आहे का मचाण?" ठे.चा बाप बाबाजी बसाले आला, पाय पोचेना. ठे.च्या नोकरानं पाट आणला, पाटावर चढून बाबाजी बसले. म्हणे, "आता उतरतो कसा रे? का इथेच राहू?" सगळे हसले. मीही.
ठे. गाडी घेऊन वर गेला. बाबाजीले आधी उतरवलं.
मि. म्हणे, महिनाभर चलने दे. फिर बोलूंगा.

ता. १४
झोप नाही. तो पाटा मागच्या डाव्या कमानीत आहे. वरून उतरताना हौद्यात लाकूड, लाकडावर मजूर बसते. घाटात तो पाटा मोडला तं गाडी डावीकडे झुकीन. डावीकडे दरी.
निळा असीन. असीनच.

ता. १५
मि.ले सांगून टाकलं.  मंग विचारते, ठेकेदार को बोला?
नाही.
"मत बोल. बोलेगा तो तेरे को मिस्त्री कौन बोलेगा?" उठून दोन पावलं गेला, वापस आला. "या बोल. गाडी तेरी है."
हे काय सांगणं झालं?

ता. १८
ठे. बाजाराले उतरला. सांगतलं. म्हटलं, मागचा एक पाटा कच्चा असू शकते, एक दिवस गाडी ठेवा, बदलून देतो, मजुरी नको. तो हसाले लागला. "बयाड झाला का बे, डोकं फिरलं का? घोड्यासारखी चालून राहिली." निघून गेला. हौद्यात मीठ, जवारीचे कट्टे अन् सहा माणसं.
संध्याकाळी किसनमामाकडे. अमावस सरली, त्यानं त्या पाट्याच्या बदली नवा करून देला, पुरा. 

ता. २२, सेमाडोहच्या अलीकडे, तोडीवर
पाटा खांद्यावर, पान्हे झोळीत. अर्ध्या वाटेपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. खांदा सोलला. कोरकू मजूर जेवून राहिले होते, मले पाहून हसले, एका म्हाताऱ्यानं पाणी देलं. ठे. म्हणे, "आला का बयाड!" पण रिकामी उभी होती गाडी, तं म्हणे, कर काय कराचं ते, जेवण होईस्तोवर.
जॅक लावला. कमान सोडली. जुना पाटा बाहेर काढला, नवा बसवला, बोल्ट आवळले. सगळं झालं. जुना पाटा खांद्यावर घेऊन निघालो असतो तं बरं झालं असतं. पण राहवलं नाही. धोंड्यावर आडवा ठेवला अन् मजुरांचा घण घातला.
काच फुटावी तसे दोन तुकडे. तुटल्या तोंडाले साखरेसारखे दाणे, चमकणारे.
मी खाली बसलो. कच्चाच होता.
ठे. धावत आला. "चांगला पाटा फोडला लेका! चालून राहिला होता ना?" म्हटलं, म्हणूनच... "काय म्हणूनच? घणानं तं कोणताही फुटीन." मजुरांकडे पाहून म्हणे, पाहा, मिस्त्री व्हाले निघाला, माझ्याच गाडीचं लोखंड फोडते. पाट्याचे पैसे कापतो म्हणे.
तो म्हातारा कोरकू, पाणी देल्लं त्यानं, तुकडा उचलून पाहात होता.  रोज लाकडावर तोच बसते.

ता. २४, परतवाडा
ठे.चा निरोप माझ्याआधी पोचला होता. मि.समोर दोन्ही तुकडे ठेवले. त्यानं दाण्यांवरून अंगठा फिरवला. विडी विझली, पेटवली नाही. तुकडे जुन्या फळीवर ठेवले, तेलाच्या डब्यामागं.
म्हटलं, मंग?
"हात धो. खाना खा."

ता. ३ जानेवारी ५९
दुसऱ्या एका मोटरीचं क्लचचं काम. मीच केलं, मि. बाहेर बसून होता. सांगाले कोणी आलं नाही, विचाराले कोणी आलं नाही. ठे.ची गाडी दोनदा बाजारातून गेली, उंच, धूळ उडवत. भोंगा वाजवला नाही.
दादाचं कार्ड. अर्धा कापूस वेचला, अर्धा झाडावरच आहे. "संक्रांत जवळ आली." एवढंच. रागावला असता तं बरं.

ता. १४
संक्रांत. मि.च्या बायकोनं तिळाचे लाडू आणले, शेजारणीनं देल्लेले. मि.ले म्हटलं, चाचा, आज संक्रांत आहे. म्हणे, मालूम है. मंग म्हणे, ठेकेदार अमरावतीच्या मिस्त्रीले गाडी दाखवून आला. तो खालून पाहून म्हणे, कमानी कोणी केल्या? चांगल्या केल्या.
ठे. काय म्हणे मंग?
"मेरे को क्या मालूम. पैसा काटने का है बोला."

ता. १५
पगार. मि.नं माझ्या हातावर ठेवला अन् मूठ मिटवली, मोजू देला नाही. दरवेळेपेक्षा जास्त आहे. मिस्त्रीचा नाही. पाट्याचे कापले का, नाही कापले, विचारलं नाही. विचारलं असतं तं सांगावं लागलं असतं त्याले.
फळीवर ते तुकडे तसेच आहेत. आज कोणीतरी पुसून ठेवले.

ता. १६
दादाले कार्ड. लिहिलं, संक्रांत झाली. मी आलो नाही. पुढे काय लिहावं ते सुचेना. मिस्त्री झालो लिहिलं तं आत्या साक्ष. नाही झालो लिहिलं तरी आत्या साक्ष. खोडलं. लिहिलं, उरलेला कापूस मजूर लावून वेचून घे, मायले वावरात नेऊ नको, तिच्या गुडघ्याले थंडी बाधते.
दर महिन्याले पंधरा पाठवतो. मिस्त्री झालो तं पंचवीस, असं दिवाळीले बोललो होतो.
मनिऑर्डर केली. रुपये अठरा.