यांगचेनचं अक्षर

८ जून २०२५, रविवार

पुन्हा तेच! यांगचेनचं पत्र आलं आणि अक्षर बदललेलं.

ऑक्टोबरचं पत्र गोल, टपोऱ्या अक्षरात होतं. हे किरटं, शाई फासलेली. नाव तेच, "नानीजी, प्रणाम" तेच. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मंडळानं हिमाचलात पार वरच्या खोऱ्यातली एक होस्टेलची शाळा दत्तक घेतली आहे, मंडळातल्या प्रत्येक घराकडे एकेका मुलाचा खर्च. बाकीच्यांना पत्रांचं टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर येतं, ते वाचून सगळे "सो स्वीट" म्हणतात. मी हट्टानं मूळ हिंदी पत्र मागवते. पुण्यात एकतीस वर्षं शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले. दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसलेले डमी मी नुसत्या 'क्ष'वरून पकडले आहेत.

इथे काहीतरी काळंबेरं आहे.

१० जून

पाचही पत्रं डायनिंग टेबलवर मांडली. मेमधली फासलेली. ऑक्टोबरमधली गोल. एकही चुकलं नाही!

अन्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तिथंच डोकावली. माझी नात, सात वर्षांची, डावखुरी. "आजी, हा मुलगी लेफ्टी आहे. लुक, माझी हात पण असंच घाण होते." मग ऑक्टोबरच्या पत्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही दुसरी गर्ल आहे. ऑब्व्हियस्ली."

सात वर्षांच्या पोरीला दिसतं, मंडळाला दिसत नाही.

पुष्कर ऑफिसहून आला तर त्यालाही दाखवलं. "आई, यू आर नॉट इन्व्हिजिलेटिंग एनी मोअर. सोड ना." लेक झाला म्हणून काय, त्याला खोड्या लपवायची सवय लहानपणापासूनच.

१४ जून

हॅरोला जाऊन दीनानाथांना गाठलं. मंडळाचे सेक्रेटरी, सगळ्यांशी गोड. "उल्काताई, मुलांची अक्षरं बदलतात हो. पेन बदललं असेल." पेन! दर ऑक्टोबरला?

एका घरातलं एकच मूल, हा नियमही मी अडून बसले म्हणून झाला. यांगचेनला घेण्याच्या आधीच. नाहीतर एखादं चलाख कुटुंब चार जागा अडवणार आणि दुसऱ्या गावची पोर मेंढ्यांमागे राहणार. त्या वरच्या गावांत शाळाच नाही. होस्टेलची जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर नाही. तेव्हाही दीनानाथ कुरकुरले होते.

मला वाटतं, कोणी मास्तर बसून पत्रं पाडतोय. यांगचेन नावाची मुलगी आहे तरी का?

१५ जून

सापळा लावला. यांगचेनला लिहिलं, "मागच्या ऑक्टोबरमध्ये तू तुमच्या कुत्र्याचं नाव कळवलं होतंस. मी विसरले. परत सांग." विसरले कुठली, शेरू. पाकिटाच्या मागे माझा पत्ता ठळक लिहिला.

३ जुलै

ऊन. शेजारच्या बाईनं आज दोनदा गुड मॉर्निंग म्हटलं. काहीतरी हवं असणार.

१९ ऑगस्ट

उत्तर नाही. कसं येईल!

२० सप्टेंबर, शनिवार

तीन महिने वाट पाहिली. पुरे. पाचही पत्रांचे फोटो दीनानाथांना आणि कमिटीला ईमेल केले. खाली लिहिलं, "अक्षरं दोन व्यक्तींची आहेत. खात्रीनं सांगते." पाठवल्यावर फार बरं वाटलं. जुन्या दिवसांसारखं.

२२ सप्टेंबर

दीनानाथांचा फोन. या वेळी गोड नव्हते. "तुम्ही एवढं खात्रीनं म्हणताय तर शुक्रवारी ठेवतो कमिटीपुढे. यांगचेनचं नाव कमी करावं लागेल. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

बरोबरच आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पत्र आलं. शाळेच्या पाकिटात नाही. साधं पाकीट, तिकिटं वाकडी, तीन आठवड्यांपूर्वीचा शिक्का.

वरचं अर्धं पान गोल अक्षरात. खालचं फासलेलं.

गोल अक्षर म्हणतं: नानीजी, कुत्रा शेरू. ते मी लिहिलं होतं. मी डिकी, यांगचेनची धाकटी बहीण. शाळा एका घरातलं एकच मूल घेते. आईला दिसत नाही, एकीला घरी राहावंच लागतं. म्हणून जुलैपर्यंत दीदी होस्टेलमध्ये, मग बर्फ पडेपर्यंत मी. अदलाबदलीच्या आधी ती घरी येते आणि तीन दिवस मला सगळे धडे शिकवते. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुमचं पत्र दीदीच्या पाळीत आलं आणि कुत्र्याचं काय लिहिलं होतं ते तिला माहीत नव्हतं.

फासलेलं अक्षर म्हणतं: वॉर्डन मॅडमना माहीत आहे, तिकिटं त्यांनीच दिली. तुम्ही विचारलं तेव्हा आम्हाला खोटं बोलावंसं वाटलं नाही. तुम्ही टीचर होता ना. कोणाला सांगू नका.

सांगू नका! पाच दिवसांपूर्वी सांगून बसले मी. सगळ्या कमिटीला.

कोण डमी? दोघी शिकताहेत. दोघीही खऱ्या. चलाख कुटुंब म्हणून मी ज्याला घाबरत होते ते हेच. आंधळी आई आणि एका जागेत मावणाऱ्या दोन पोरी. माझी मलाच लाज वाटते आहे. रडू आलं, सून अक्षयानं विचारलं तर तिलाही खरं सांगितलं नाही.

दीनानाथांना फोन लावला. कोणाचं नाव न घेता विचारलं, एका घराचा नियम काढता येईल का? "मार्चच्या मीटिंगला आणा ठराव, उल्काताई."

नियम बदलायला मार्च. नाव कापायला उद्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी कमिटीला लिहिलं. "पत्रं पुन्हा तपासली. अक्षर एकाच मुलीचं आहे. माझी चूक झाली. उल्का, माजी परीक्षक."