अंगची ऊब

दि. ९ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. आत्याला माझा नमस्कार सांग.

गेल्या शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी उबवणीच्या खोलीचं कुलूप काढलं. यंत्रात ठेवलेल्या अंड्यांचा सतरावा दिवस. उष्णतेचा काटा साडेसदतीस अंशांवर हवा, तर तो एकोणचाळीसवर! मनात पाल चुकचुकली. आचेचं बटण माझ्या पेन्सिलच्या खुणेवरच, किल्ली माझ्या कमरेला. तरी मी यंत्रामागे वाकून पाहिलं, जणू तू तिथे लपून बसला असशील.

मागच्या खेपेलाही सतरावाच दिवस होता. तुझा हात बटणावर दिसला.

"काय चाललंय?"

"आच उतरवतोय, दादा. आतला जीव मोठा झाला. अंडी आता अंगचीच तापतात."

"अंड्याला ताप येतो होय? मग काढा पाज त्याला!"

मी बटण होतं तिथे आणलं आणि खोलीला कुलूप ठोकलं. तू समोरच्या उबवणीवाल्याशी हसून बोलायचास, तेवढं मला संशयाला पुरलं. तेव्हापासून प्रार्थनेत डोळे मिटले तरी हात किल्लीवर.

त्या खेपेला एकही पिल्लू बाहेर आलं नाही. मी गिऱ्हाइकांदेखत खापर तुझ्या माथी फोडलं. तू चपला घातल्यास. "दादा, एक अंडं गालाला लावून बघ," एवढंच म्हणालास.

शनिवारी लावलं. गालापेक्षा ते गरम होतं. आत काहीतरी हललं.

आपल्या जुन्या यंत्राला आपणहून आच आवरायची अक्कल नाही, मालकावर गेलंय. मी बटण उतरवलं, झडपा उघडल्या. काटा हळूहळू खाली आला. मागची पिल्लं आपल्याच उबेनं गुदमरली होती, आणि दार लावून घेणारा मी होतो. तू उष्णतेबद्दल म्हणालास ते दोषालाही लागू आहे. तो अंगचाच होता, माझ्या.

काल अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. खोलीभर चिवचिवाट आहे.

आज सकाळी समोरच्याच्या दारात गेलो. तिथे आपली जुनी गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मागची पिल्लं धाकट्यानं नाही, मी मारली." समोरचा म्हणाला, "त्याला कळवलंत का?" म्हणून हे पत्र.

घरी येऊन पहार घेतली आणि खोलीचा कडी-कोयंडा उखडून काढला. आता त्या दाराला कुलूप लावायची सोयच उरली नाही.

तुझा म्हणायला कचरणारा,
दादा