रिंगचा दुसरा जोड

मास्तर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, कारण तुमची खोली माझ्या खोलीपासून वीस पावलांवर होती आणि काही सांगायचं असलं की तुम्ही हाक मारायचात, अख्ख्या लेबर कॅम्पला ऐकू जाईल अशी. आज इथे आखातात, मुसफ्फाच्या त्याच वर्कशॉपमध्ये, तुमच्याच केबिनमध्ये बसून एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. केबिन आता माझी आहे. एसी तोच, तसाच खडखडतो. दुपारची सुट्टी आहे, माणसं शेडमध्ये पुठ्ठे टाकून आडवी झालीत, आणि मी एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आलो. बूड खुर्चीला टेकत नाही. त्याचं कारण तुमचा तो केरळी पाइप फिटर. आता उम्म अल कुवैनला त्याचं स्वतःचं लहानसं अॅल्युमिनियमचं वर्कशॉप आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "भाई, मास्तर का नाम से मॅच रख रहा है, अगला शुक्रवार. तुम उनका गाँव का आदमी है, दो बात तुम बोलना." मी इन्शाल्ला म्हटलं. इथे इन्शाल्ला म्हटलं की होही होत नाही आणि नाहीही होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. व्हॉलीबॉलचे सामने थंडीत, पण खरी मारामारी उन्हाळ्यात, असं तुम्हीच म्हणायचात. आपला जुना लिफ्टर व्हिसा कॅन्सल करून कायमचा गावी गेला, खलास, आणि सहा जणांत ती एक जागा रिकामी झाली. साधी जागा नव्हती ती. स्मॅश मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण चेंडू उचलून नेमका त्याच्या हाताशी ठेवतो तो लिफ्टर. तो चुकला की बाकीचे पाच कितीही वाघ असोत, काय उपयोग! त्या जागेसाठी दोघंच होतो, तो केरळी आणि मी. त्यात अरबाबचा म्हणजे आपल्या मालकाचा नियम असा, की टीममधली माणसं मुसफ्फात राहतील, सरावासाठी. बाकीच्यांनी पाळीपाळीने बेटावरच्या साइटवर जायचं, चार-चार महिने. बेटावर ना फोन, ना भाजी, ना शुक्रवारची सुट्टी. माझं त्या मे महिन्यात लग्न ठरलेलं. दर शुक्रवारी कॅम्पबाहेरच्या बूथवर रांगेत उभं राहून मी तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचो, चार मिनिटं बोलायचो, त्यातली दोन ती बोलायचीच नाही. तेवढ्यासाठी मला ती जागा हवी होती. आणि खरं सांगायचं तर मिरवायलाही हवी होती. तुम्ही माझ्या गावचे, तुमच्या आईने माझ्या आईला सांगितलेलं की माझा मुलगा तुझ्या पोराकडे बघेल म्हणून. कॅम्पात सगळे धरून चालले होते की जागा माझीच. मीही.

तुम्ही मात्र जून लागला तसं म्हणालात, मोजून ठरवू. फोरमन झालात तरी कापायच्या खुणांचं मार्किंग दुसऱ्याच्या हाती न देणारा माणूस तुम्ही, तुमचा मापावर विश्वास, माणसावर नंतर. नेटच्या दोन्ही टोकांना पाइपचे दोन खांब उभे केलेत, नेटच्या वर एक-एक सळीची रिंग बसवायची, आणि लिफ्टरने खालून उचललेला चेंडू वरून त्या रिंगमधून खाली पडला पाहिजे. रोज संध्याकाळी पन्नास चेंडू. तो टँकरकडच्या खांबापाशी, मी पिंपांकडच्या. रिंगा करायचं काम तुम्ही मलाच दिलंत. आतून अठरा इंच, म्हणालात. आता लिहितोच: त्याची मी अठरा केली. माझ्या रिंगची सळी पाच इंच जास्त कापली. सळी पाच इंच वाढवली की रिंग दीड इंचाने मोठी होते, हा हिशेब मला तुम्हीच शिकवलेला, त्याच्या दोन वर्षं आधी, टाकीच्या पत्र्यावर खडूने लिहून. आठ-नऊ फुटांवर टांगलेल्या रिंगचा दीड इंच कुणाला दिसतोय, असं वाटलं. कापताना दुसऱ्यांदा विचारही केला नाही, हेही सांगून टाकतो.

जून-जुलै मी हवेत होतो. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं, वाळू तापलेली, चेंडूसुद्धा हाताला ओलसर लागायचा, आणि माझे पन्नासात अडतीस, चाळीस, एकदा तर त्रेचाळीस. त्याचे तीस-एकतीस. तुम्ही पत्र्यावर खडूने आकडे मांडायचात. तो हसायचा, म्हणायचा, "भाई का हाथ में मशीन है." त्याला काही वाटायचं नाही, याचा मला राग यायचा. मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी माझे एकोणतीस झाले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. आधी दमट हवेला नावं ठेवली, मग नव्या चेंडूला, मग मेसच्या डाळीला. खोलीतल्या पंजाब्याकडून खांदा चोळून घेतला. एक गोष्ट सोडून सगळं केलं. त्या खांबाला शिडी लावून रिंग मोजली नाही. कशी मोजणार? चोराच्या मनात चांदणं. कुणी विचारलं असतं, वर काय बघतोस रे, तर काय सांगणार होतो? आणि त्याचे आकडे तेवढ्यात वाढत वाढत छत्तीसवर गेले.

त्याच सुमाराला एका शुक्रवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. तुमची ती खोलीमागची मोरीएवढी जागा, एक शेगडी, पत्र्याच्या डब्यात गावची कोकमं. तुम्ही बांगड्याचं कालवण केलं होतंत, तिरफळं घालून. मी पाटावर उकिडवा बसून कांदा चिरतोय, तुम्ही पाठमोरे. खेळाचा विषय तुम्हीच काढलात. म्हणालात, हात चांगला आहे तुझा, खोट नाही हाताला, पण तू रिंगकडेच बघत बसतोस; मॅचमध्ये रिंग नसते, तिथे मारणारा माणूस असतो, तो दमलाय की नाही, त्याचा पाय दुखतोय का, हे लिफ्टरला चेंडू यायच्या आधी ठाऊक पाहिजे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे सगळं ठीक आहे, जागा कुणाला ते बोला. मग तुम्ही कालवण ढवळायचं थांबवलंत आणि पाठ न वळवताच विचारलंत, "तुला काही सांगायचंय का रे मला?"

मला वाटलं तुम्ही लग्नाचं विचारताय, घरचं काही, पैशाबियशाचं. देवाशप्पथ मास्तर, तेव्हा मला तसंच वाटलं. निदान आजवर मी स्वतःला तसंच सांगत आलोय. मी म्हटलं, नाही, काही नाही. तुम्ही म्हणालात, "बरं. भात घे." आणि मला दोन बांगडे वाढलेत, स्वतःला शेपटी.

सप्टेंबरात, सुट्टी झाल्यावर, वर्कशॉपच्या दारात तुम्ही सांगितलंत की लिफ्टर केरळी. एका वाक्यात. माझ्या डोक्यात सणक गेली. मी सगळ्यांसमोर बोललो, पहिलं मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत पुन्हा. म्हटलं, आपल्या माणसाचे पाय ओढून परक्याला खांद्यावर घ्यायचं ही आपल्या लोकांची जुनी खोड, तुम्हीही त्यातलेच निघालात. म्हटलं, गावी तुमच्या आईने शब्द दिला होता. ते तर बोलायलाच नको होतं. तुम्ही चिंधीने हात पुसत होतात. ग्रीस नव्हतं हाताला तरी पुसत होतात. तीस माणसं उभी होती, आणि तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी तिथल्या तिथे वाळूत गाडला गेलो असतो. तुम्ही म्हणालात, "झालं तुझं? मग सकाळी सातच्या गाडीला ये. बेटावर वारं खारं असतं, अंगाला खोबरेल लावत जा." सकाळी माझ्या पिशवीवर खोबरेलाची नवी बाटली ठेवलेली होती. मी ती उचलून खाटेवर टाकली आणि गाडीत बसलो.

बेटावर अंग फुटलं, ओठ चिरले. तिच्याशी चार महिने बोलणं नाही. शिव्या तुम्हालाच घालायचो, रोज, कामाला लागायच्या आधी, देवाचं नाव घ्यावं तशा. जानेवारीत बोटीने आलेल्या स्वयंपाक्याने सांगितलं की मास्तर सुट्टीवर गावी गेले आणि चौथ्या दिवशी छातीत कळ येऊन गेले. हे लिहायला लाज वाटते, पण तुम्ही गेलात हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? आता नवा फोरमन येईल, तो कदाचित मला टीममध्ये घेईल. रडू आलं ते पुष्कळ नंतर, लग्नाला गावी गेलो तेव्हा, तुमच्या आईने माझ्याच हातात तुमची मापाची टेप आणि खुणा मारायचा पंच ठेवला तेव्हा. ती म्हणाली, तुझं फार कौतुक होतं त्याला. मी टेप खिशात घातली.

आणि आता हे. गेल्या महिन्यात यार्ड साफ करायला घेतलं, भंगारवाल्याचा ट्रक दाराशी उभा. गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्यामागे, एका हुकाला, गंजलेल्या दोन रिंगा टांगलेल्या. बघताच ओळखल्या. एवढी वर्षं गेल्यावरही आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं, कारण म्हटलं, आता मोठी कोणती ते दिसणार. खिशातून तुमचीच टेप काढली. पहिली अठरा. दुसरी अठरा. पुन्हा मोजली, आडवी, उभी. अठरा. क्षणभर वाटलं, मी काही केलंच नव्हतं. सगळं माझ्याच डोक्यातलं, सळी मी बरोबरच कापली होती. एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! हसलोसुद्धा असेन, भंगारवाला बघत होता.

मग हाताला लागलं. सळी वाकवून केलेल्या रिंगला एकच जोड असतो, जिथे दोन टोकं भेटतात तिथे. या दुसरीला दोन होते. एक माझा, जाडाभरडा. समोरच्या बाजूला दुसरा, बारीक, सपाट, कानशीने घासून असा बसवलेला की खालून बघणाऱ्याला कधी दिसू नये. आणि त्याच्या शेजारी पंचाची तीन टिंबं. कापायच्या आधी खुणेला तीन टिंबं मारायची सवय या अख्ख्या मुसफ्फात एकाच माणसाची होती. बाकी सगळे एक मारतात. मी पण एकच मारतो.

म्हणजे तुम्हाला खालूनच दिसलं होतं. एका शुक्रवारी मी बूथवर रांगेत उभा असताना तुम्ही शिडी लावून रिंग उतरवलीत, पाच इंच कापून काढलेत, जोड दिलात, घासलात, परत टांगलीत. म्हणून शनिवारी एकोणतीस. मला टीममधून काढलं नाहीत, केरळ्याला बोलला नाहीत, सगळ्यांत बभ्रा केला नाहीत. बरोबर रिंग देऊन चार आठवडे दिलेत, जणू म्हणालात, ये, आता खेळ. आणि मी ते चार आठवडे डाळीला नावं ठेवण्यात घालवले. शिवाय बांगडे वाढायच्या आधी तोंडाने विचारलंतही. राग येतो मास्तर, आता तुमचाही येतो. दोन कानशिलात लगावून मोकळे का झाला नाहीत? मी रडलो असतो, पाय धरले असते, आणि हे बारा वर्षांचं ओझं त्याच दिवशी उतरलं असतं. सगळंच कसं हो तुम्ही इतकं घासून सपाट करायचात?

आता त्या केरळ्याला वाटतं, शुक्रवारी मी माइकवर उभा राहून तुमच्या गावच्या आठवणी सांगेन. तो अजूनही मला भाई म्हणतो. त्याला एवढंच माहीत आहे की मी त्या दिवशी चिडलो होतो, आणि तेही तो विसरलाय. सगळं सांगायचं ठरवतो आणि उठून एक फेरी मारून येतो. लहान आवाजात सुरुवात करून बघितली, इथेच, दार लावून. "मास्तर बहुत सीधा आदमी था" इतकं येतं, मग पुन्हा पहिल्यापासून. रिंग माझ्या कपाटात आहे, हेल्मेटांच्या मागे. बरोबर नेईन की नाही, ठाऊक नाही. हा कागदही तिथेच ठेवीन. तुमच्या पत्त्यावर आता टपाल जात नाही.

एक राहिलं. गेल्या शुक्रवारी इथल्या घरी जेवताना या मॅचचा विषय निघाला, तेव्हा बायकोसमोर मी तीच गोष्ट सांगितली, बारा वर्षं सांगतोय तशीच: माझे चाळीस पडत होते, त्याचे तीस, आणि तरी मास्तरांनी त्याला घेतलं. बायकोने नेहमीसारखी मान हलवली. पोरगी नऊ वर्षांची आहे, शाळेतून इंग्रजी घेऊन आल्यापासून घरातही तेच बोलते. घास हातात धरून तिने विचारलं, "सो बाबा, ही वॉज अनफेअर?"

रिंग सापडून तेव्हा तीन आठवडे झाले होते, मास्तर. मी हो म्हटलं.