दोन दिवसांची सहल आणि एक सही

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. परीक्षा तोंडावर आल्या, की शाळेच्या प्रयोगशाळेतली एकूण एक नळी पुसून कपाटात लावणं माझ्याकडे येतं. परवा माझ्या हातून चार नळ्या फुटल्या. मुख्याध्यापकांनी असं तोंड केलं, जणू मी त्यांचे दात पाडले. दातांचं काम मात्र तुझ्या खात्यातलं.

बातमी अशी, की आम्ही तिघी दोन दिवस तुमच्या शहरात येतोय. सात वर्षांपूर्वी ह्यांच्या जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली आणि हे गेले, तेव्हापासून आम्ही नुसतं फिरायला म्हणून कुठेच गेलो नाही. चिंगीने फळ्याएवढ्या कागदावर वेळापत्रक केलंय. चौदा वर्षांची पोर, पण स्टेशनमास्तरसारखी वागते. मला चहाला अकरा मिनिटं दिली आहेत. वाढवून मागितली तर विचार करते म्हणाली.

थोरलीचं मात्र कळत नाही. सतराव्या वर्षी सहल म्हटल्यावर नाचावं, तर हिने दोनच गोष्टी सांगितल्या. शनिवार २९ तारखेचाच हवा आणि उतरायचं बंदराच्या बाजूला. ताई, तुला ठाऊक आहे, मला त्या बाजूचा वारासुद्धा नको. तूच तिला समजाव. तुझं ती ऐकते. तुझ्या घराजवळ एखादी बरी खोली मिळाली तर बघ.

कळावे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
छोटी

---

दि. ८ मार्च

प्रिय छोटी,
अ. उ. आ.

तुम्ही येताय हे वाचून इतका आनंद झाला, की एका गृहस्थांच्या कवळीत पुढचा दात वाकडा बसवला. या आठवड्यात अकरा कवळ्या द्यायच्या आहेत. माझ्या टेबलावर इतकी तोंडं उघडी पडली आहेत, की कधी कधी त्यांच्याशीच बोलते.

माझ्या घराजवळ धड एकही खोली नाही. बंदराजवळचं लॉज माझ्या ओळखीच्या बाईंचं आहे, चादरी स्वच्छ असतात. तिथून संग्रहालय जवळ, बागही जवळ. खिडकी मागच्या अंगाची मागून घेते, म्हणजे तुला पाणी दिसायला नको. आणि २९ तारखेलाच या. पुढे मला सवड नाही.

थोरलीच्या मागे लागू नकोस. या वयाच्या पोरीने काही मागितलं, की दर वेळी का म्हणून विचारायचं नसतं. चिंगीला सांग, मावशीला चहाला वीस मिनिटं लागतात. त्याहून कमीत जमणार नाही.

दोघींना खूप आशीर्वाद. वाट बघते आहे.

तुझी,
ताई

---

दि. १५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी मोठी आहेस म्हणून लिहिते. सा. न. वि. वि.

काल दुपारी पोस्टमन एक लांब पाकीट देऊन गेला. माझ्या नावाचं. जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचं, तुमच्या शहरातल्या, बंदराजवळच्या. आत लिहिलंय, की आपण पालक म्हणून दिलेल्या संमतीनुसार आपल्या मुलीचा अर्ज मंजूर झाला असून शनिवार, २९ मार्च रोजी सकाळी साडेनऊ वाजता चाचणी व मुलाखतीसाठी पालकांनी सोबत हजर राहावे.

मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि तशीच उंबऱ्यावर बसले. शेजारणीला वाटलं मला चक्कर आली. चक्कर आली असती तर बरं झालं असतं. मी कसली संमती दिली? कधी दिली? थोरली घरी आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे धरला. अर्ज तिने केला हे कबूल केलं. सही कोणी केली ते काही सांगेना. शेवटी चिंगीच रडत म्हणाली, की मावशीने केली.

ताई, मला आधी वाटलं, चिंगीला समजलं नसेल. मग तुझं ८ तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. खिडकी मागच्या अंगाची मागून घेते म्हणालीस. किती गं काळजी! माझ्या नवऱ्याला ज्या इंजिनाने खाल्लं, त्याच्यापुढे माझी पोर उभी करायची आणि मला पाणी दिसू नये म्हणून खिडकी बदलायची?

सहल रद्द. फोन केलास तरी उचलणार नाही.

छोटी

---

दि. १८ मार्च

प्रिय छोटी,
अ. उ. आ. घेशील तर घे.

सही मीच केली. चिंगीवर चिडू नकोस.

जानेवारीत थोरली माझ्याकडे आठ दिवस राहून गेली ना, तेव्हाची गोष्ट. पहिल्या दिवशी माझ्या कारखान्यातलं दात घासायचं यंत्र बंद पडलं. माणूस बोलावणार तोवर हिने ते उघडून, साफ करून चालू केलं. मी कौतुक केलं, तर एकदम अर्ज काढून पुढ्यात ठेवला. चाचणीची २९ मार्च अर्जावरच छापलेली, आणि अर्ज द्यायला दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. आईला विचार म्हटलं. ती म्हणाली, की आईला विचारणं म्हणजे बाबांना पुन्हा एकदा मारणं, आणि ते ती करणार नाही. रडली नाही, हट्ट केला नाही. अर्ज घडी घालून परत पिशवीत ठेवला. तिचं ते घडी घालणं मला बघवलं नाही.

तीस वर्षं मी लोकांच्या दातांची नक्कल करते आहे. तुझ्या सहीची नक्कल करायला मला दहा मिनिटं लागली. आधी तुला सांगेन म्हटलं, मग तुम्ही इथे आल्यावर समोर बसवून सांगेन म्हटलं, आणि तेवढ्यात पाकीट आलं. भित्रेपणा केला मी. तुला विधवा झालेली मी पाहिलं आहे, छोटी. तुझ्या तोंडावर हे सांगायची छाती झाली नाही.

तू म्हणशील तर मी स्वतः संस्थेत जाऊन सांगते, की सही खोटी आहे. त्यांचा नियम असा आहे, की खोटा कागद निघाला तर त्या मुलाला पुन्हा कधीच अर्ज करता येत नाही. एवढं माहीत असू दे.

ताई

---

दि. २२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

आई शाळेत गेली आहे म्हणून लिहिते. ताईने सहीचं फक्त मला सांगितलं होतं आणि मी चुगली केली, त्याबद्दल सॉरी. आई इतकी शांत होती, की मला भीती वाटली.

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मीच दोघींमध्ये निरोप्या. ताईला सांग जेवायला ये. आईला सांग भूक नाही. काल मी म्हटलं, आता दर निरोपाला मी एक रुपया घेणार आहे. कोणी हसलं नाही.

आणखी एक झालं. परवा पाणीपुरवठ्याच्या पंपघरातले मेकॅनिक काका घरी आले. त्यांनी आईला सांगितलं, की चूक त्यांची आहे. दीड वर्ष ताई रोज संध्याकाळी गणिताच्या शिकवणीच्या नावाखाली त्यांच्याकडे पंप उघडायला शिकत होती! मलापण माहीत नव्हतं! माझी बहीण आणि मला माहीत नाही! आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, की ती बरं शिकते का. ते म्हणाले, की त्यांच्या हाताखाली वीस पोरं तयार झाली, पण अशी एकच. मग ते गेले आणि आई किती तरी वेळ रिकामी कपबशी धरून उभी राहिली.

आज सकाळी तिने तिकिटं काढली. आम्ही २९ ला येतोय. पण मावशी, खूश होऊ नकोस. ती मला म्हणाली, की ती तिथे तोंडावर नकार द्यायला जातेय, म्हणजे हा विषय कायमचा संपेल. तुला भेटायचं नाही असंही म्हणाली. वेळापत्रकातून तुझा चहा काढायला लावला.

तुझी,
चिंगी

---

रविवार, दि. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लॉजच्या खोलीतून लिहिते आहे. पोरी खाली नाश्ता करताहेत. इथून तुझं घर वीस मिनिटांवर आहे म्हणे. तरी लिहितेच आहे, कारण समोर आलीस तर माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही.

काल साडेनऊला संस्थेत पोचलो. फाटकावरच्या वहीत पालकांनी सही करायची होती, ती केली. आधी चाचणी. एका मोठ्या शेडमध्ये सोळा मुलं, त्यात हिच्यासकट तीन मुली. आम्हा पालकांना काचेबाहेर बसवलं. प्रत्येकाला एक लहान पंप सोडवून पुन्हा जोडायला दिला होता. ताई, मी सतरा वर्षं त्या पोरीचे हात पाहिलेत. वेणी घालताना पाहिलेत, तापात पाहिलेत. ते हात मला काल अनोळखी वाटले. कापडावर एकेक भाग मांडत गेली, कुठे घाई नाही, कुठे अडणं नाही. मग थांबली. बाकीच्यांचे पंप जोडून होत आले आणि ही नुसती बसून. माझ्या मनात आलं, चला, चुकली, मला बोलावंच लागणार नाही. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात हिने हात वर केला आणि सांगितलं, की एक चकती कमी आहे, तिच्याशिवाय जोडणार नाही, पंप गळेल. शिकवणाऱ्यांनी खिशातून चकती काढून दिली. सगळ्यांच्याच पंपातली एकेक काढून ठेवली होती. सोळा जणांपैकी हिच्यासकट दोघांच्याच लक्षात आलं होतं.

मग मुलाखतीला आम्हाला दोघींना आत घेतलं. मी वाक्य पाठ केलं होतं. माझी संमती नाही, एवढंच. टेबलापलीकडे गणवेशातल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधीच फाटकावरची वही मागवून घेतली होती. ती आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे वळवले. अर्जातल्या सहीखाली रेघ आहे, वहीतल्या सहीखाली नाही. हे गेल्यापासून मी रेघ ओढत नाही, ताई. तुला ते माहीत नव्हतं. कसं असणार?

बाईंनी सरळ विचारलं, की ही सही तुमची आहे का.

थोरलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून बसली, जसं ठरूनच गेलंय. नाही म्हणायला मला एक क्षण पुरला असता. खरं तेच होतं. पोर कायमची घरी राहिली असती, कोरडी, सुखरूप, माझ्या डोळ्यांसमोर. आणि आयुष्यभर तो पंप तिच्या हातात अर्धाच राहिला असता.

मी म्हणाले, की सही माझीच आहे. कागद महत्त्वाचा असला, की मी खाली रेघ ओढते. हे माझ्याच तोंडून निघालं याचा मला अजून धक्का आहे. बाईंनी दोन्ही सह्या पुन्हा एकदा पाहिल्या. त्यांना पटलं असेल असं वाटत नाही. पण वही मिटली आणि थोरलीला बाष्पाच्या दाबाबद्दल विचारायला लागल्या.

दुपारी यादी लागली. हिचं नाव दुसरं आहे.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर थोरली मला म्हणाली, की आई, तू खोटं बोललीस. असं म्हणाली, जणू मी चोरी केली. मग तिथेच बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. तिच्या बाबांच्या वेळी दहा वर्षांची होती, तेव्हा माझ्याकडे बघून एक टिपूस काढलं नव्हतं तिने. ते सगळं काल काढलं. मी शेजारी बसले. चिंगीने वेळापत्रक फाडलं आणि त्या कागदाने दोघींची तोंडं पुसली. समोर बंदर होतं. मी बघितलं त्याच्याकडे. धीर वगैरे आला नाही. भीती वाटते ती वाटतेच, बहुधा जन्मभर वाटेल.

तुला मी माफ केलेलं नाही. माझ्या नावाने निर्णय घ्यायचा हक्क तुला कोणी दिला, हे मला विचारायचंच आहे. पण ती सही आता माझी आहे. पुन्हा कधी, कोणाजवळही ती तुझी म्हणू नकोस.

एक मे रोजी हिला वसतिगृहात सोडायला येईन. तेव्हा तुझ्याकडेच उतरेन. परतीच्या प्रवासाआधीचे दोन दिवस मला एकटीला झोप लागणार नाही. तुझ्याशी बोलेन की नाही ते सांगता येत नाही. गादी मात्र तुझ्या शेजारी घाल.

लोभ आहे, म्हणून तर एवढा राग.

तुझी,
छोटी