पंख्यानं मोडलेला धवला

लाडक्या आत्ये,

दोन वर्षं झाली तुला जाऊन. इतके दिवस कधी लिहिलं नाही, पण रविवारपासून मला गावात तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. टीव्हीवर तुझा धवला मोडला! आणि तो मी मोडला नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तू आमची धवलारीण, लग्नाचे धवले म्हणणारी. तुझ्या गाण्याशिवाय गावात कोणाला हळद लागायची नाही. बाहेर बंदराचे ट्रेलर हॉर्न मारत जायचे आणि तू त्यांच्या वर आवाज चढवायचीस. कोणी माइक पुढे केलाच, तर त्यावर टॉवेल वाळत घालायचीस! मला बजावायचीस, "आगो पोरी, काय पन झाला तरी धवला मधी थांबवाचा नाय. नवरीचा संसार अर्धा ऱ्हातं."

तर, संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मला गायला बोलावलं. बाकीचे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवत होते. मी म्हटलं, मी खरंच गाणार. दुपारच्या तालमीत एक पंखा थेट घशात वारा मारत होता, म्हणून मी मध्येच थांबून ओरडले. तालीमच तर होती! तुला चाललं नसतं, माहीत आहे.

संध्याकाळी दुसऱ्या कडव्याला माइक मेला. कानातल्या यंत्रात कोणीतरी "थांबा, थांबा" म्हणत होतं. मी ते यंत्रच उपटून काढलं आणि तुझा ट्रेलरवाला आवाज लावला. पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचला गं! धवला पुरा केला आणि ढसाढसा रडले.

माइक मेल्यामुळे माझा आवाज रेकॉर्डच झाला नव्हता, म्हणून टीव्हीवर त्या शहाण्यांनी माझ्या चित्रावर तालमीचा आवाज चिकटवला. नऊवारीतली मी डोळे मिटून गातेय आणि आवाज येतोय, "अवो दादा, तो पंखा बंद करा ना, घसा बसतंय माजा!"

गाव हसून लोळलं. तुझी सून, आपली वहिनी, तेवढी हसली नाही. पुढच्या महिन्यात तुझ्या नातीचं, पल्लवीचं लग्न आहे. वहिनी म्हणाली, "जिनी धवला मधी सोडला, तिला हळदीला कशी बोलवू?" फार लागलं गं ते. तुझा आवाज मोबाइलवर घेऊ दिला नाहीस, आणि त्या दिवशीचा माझाही कुठे राहिला नाही. आता पुरावा कुठून आणू?

काल पल्लवीच आली. "आत्या, आंगनान उभी ऱ्हा नि म्हन. आयेला घरान बसून आयकू दे."

म्हटला. तीन घरं पलीकडून वहिनी पिठाच्या हातांनीच आली. रस्त्यावर ट्रेलर कोकलत होता. शेवटची ओळ तिनं माझ्याबरोबर म्हटली आणि पदरानं डोळे पुसताना गालाला पीठ लावून घेतलं.

आत्ये, शब्द देते. पल्लवीच्या हळदीला माइक नाही आणि पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत खंड नाही. पंखा मी आधीच बंद करून ठेवीन.

तुझी भाची, आणि आता पल्लवीची आत्या,
शेवंती